गंजानं सोडलेलं विष, गंजानंच धरलेलं

आजोळी, तळकोकणात, परसातल्या बोअरचं पाणी उपसताना काचेसारखं नितळ असायचं. तासाभरात त्यावर तांबूस साय धरायची आणि सकाळी बादलीच्या तळाशी विटकरी साका बसलेला असायचा. त्या पाण्याचा चहा काळा पडायचा, पांढरे कपडे दोन-चार धुण्यांत पिवळट व्हायचे. मामी दर आठवड्याला चिंचेचा कोळ घेऊन बादल्या घासायची आणि म्हणायची, "लोखंडाचं पाणी हे, हवा लागली की फिरतं."

मामीचं ते बोलणं किती नेमकं होतं, हे मला बंगालमधल्या पाण्यातल्या आर्सेनिक या विषाबद्दल वाचायला लागल्यावर कळलं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात कोट्यवधी माणसांच्या पिण्याच्या पाण्यात विष आलं कुठून, आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी ते काढायची रीत शोधली कशी, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर बादलीतल्या त्या साक्यात आहे.

लोखंडाचं पाण्यातलं वागणं आधी समजून घेऊ. जमिनीखाली खोलवर, जिथे हवा पोचत नाही, तिथे लोह पाण्यात साखरेसारखं विरघळून राहतं. डोळ्यांना दिसत नाही. ते पाणी वर आलं, हवेतला प्राणवायू त्यात मिसळला, की त्याच लोहाचा गंज होतो. गंज विरघळत नाही, म्हणून तो आधी पाण्यावर तरंगतो आणि मग तळाशी बसतो. बादलीत दिसायचं ते एवढंच. गंजाचा आणखी एक गुण मात्र डोळ्यांना दिसत नाही. गंजाच्या कणांना काही पदार्थ घट्ट चिकटतात, आणि आर्सेनिक हा त्यातला एक.

आता हिमालयाकडे जाऊ. तिथले खडक लाखो वर्षं झिजतायत, त्यांचा गाळ नद्या खाली वाहून आणतायत. वाळूच्या प्रत्येक कणावर गंजाचा पातळ थर असतो आणि त्या थराला थोडंसं आर्सेनिक चिकटलेलं असतं. हे प्रमाण काही जगावेगळं नाही. साध्या मातीत असतं तेवढंच. घोटाळा पुढे होतो. बंगालच्या सपाट, दलदलीच्या मुलखात हा गाळ पानापाचोळ्यासकट, कुजलेल्या झाडोऱ्यासकट गाडला गेला. तिथले सूक्ष्मजीव हा कुजका माल खातात. खाल्लेलं पचवायला आपल्याला प्राणवायू लागतो, त्यांच्याकडे तो नाही. मग ते प्राणवायूचं काम गंजाकडून करून घेतात. त्यात गंज विरघळतो, आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं.

हे आज चार वाक्यांत सांगता येतं, पण त्यावर बरीच वर्षं वाद झाले. शेतीसाठी पाणी उपसल्यामुळे खाली हवा शिरली आणि तिथली खनिजं फुटून आर्सेनिक बाहेर आलं, असं आधी अनेकांना वाटत होतं. तसं असतं तर उपसा थांबवणं हा उपाय ठरला असता. १९९८ मध्ये लंडन आणि ढाका इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी नेमकी उलट मांडणी केली: हवा शिरल्यामुळे हे घडत नाही, हवा नसल्यामुळे घडतं. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या गटाने बंगालचा गाळ प्रयोगशाळेत नेऊन दाखवून दिलं की, लोहावर जगणारे सूक्ष्मजीवच आर्सेनिक सोडवतात. दुखण्याचं कारण चुकीचं ठरलं तर औषधही चुकतं, म्हणून हा वाद महत्त्वाचा होता.

पण सूक्ष्मजीव आणि गंज यांचा खेळ जमिनीखाली हजारो वर्षं चालू होता. तो माणसांच्या पोटात आला तो हातपंपातून. पूर्वी तिथली गावं तळ्यांचं, डबक्यांचं पाणी प्यायची आणि हगवण, कॉलऱ्याने मुलं दगावायची. १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारच्या मदतीने बांगलादेशात, आणि तसंच पश्चिम बंगालमध्येही, घरोघरी नलकूप, म्हणजे हातपंप बसवलेल्या कूपनलिका, झाले. जमिनीखालचं पाणी जंतूंच्या बाबतीत खरोखर चांगलं होतं. ते उपसलं गेलं, प्यालं गेलं, शेतीला दिलं गेलं. त्या काळी नलकूप घालणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मुलं वाचवायला निघालेली माणसं होती ती. फक्त आर्सेनिक तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण आर्सेनिकला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही.

ते शरीरावर उमटायला वर्षं लागतात. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे काही रुग्ण आले. अंगावर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात आणि तळपाय राठ, त्यांवर कुरुपासारख्या बारीक गाठी. हा तळहात एकदा फोटोत पाहिला की विसरत नाही. भात मळणारा, जाळं ओढणारा हात, पण त्यावर मोहरी पेरल्यासारखे उंचवटे. साहांनी ते आर्सेनिक म्हणून ओळखलं. गावात मात्र लोक महारोग समजायचे. मुलींची लग्नं अडायची, सुनांना माहेरी धाडलं जायचं. कातडीवर दिसतं त्याहून आत होणारं नुकसान मोठं असतं: कातडीचा, फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग, तसेच हृदयाचे आजार.

१९८८ पासून जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ दीपांकर चक्रवर्ती आणि त्यांचे विद्यार्थी गावोगाव फिरू लागले. पंपाचं पाणी, लोकांची नखं, केस, लघवी असं सगळं गोळा करायचं आणि आर्सेनिक मोजायचं. हे काम त्यांनी काही दशकं चालू ठेवलं. आपल्याकडे 'संशोधन' म्हटलं की चकचकीत यंत्र डोळ्यांसमोर येतं. इथे वर्षानुवर्षांचं काम होतं ते बाटल्या भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचं. पण त्यामुळेच हा प्रश्न एका गावाचा नसून अख्ख्या खोऱ्याचा आहे, हे नाकारता येईना. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या या प्रकाराला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं. धोक्यात असलेल्यांचा त्यांचा अंदाज होता साडेतीन ते पावणेआठ कोटी.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ढाक्याजवळच्या आराईहजार भागात काम सुरू केलं. सुमारे २५ चौरस किलोमीटरमधल्या ६,००० च्या आसपास नलकूपांचं पाणी त्यांनी तपासलं आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एका घराचा पंप विषारी, तर तीस-चाळीस पावलांवरच्या शेजारणीचा पंप चांगला. गाळ थरांथरांनी साचलेला असतो. कुठे कुजका माल जास्त, कुठे कमी, आणि पंपाची नळी कुठल्या थरात उतरली यावर सगळं अवलंबून. म्हणजे सर्वांत स्वस्त उपाय होता शेजारणीच्या पंपावर जाणं. पुढे देशभर सुमारे ५० लाख नलकूप तपासून तोट्या रंगवल्या गेल्या: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल. आराईहजारमध्ये लाल पंपवाल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी खरोखर दुसरा पंप धरला. रंगाच्या एका डब्याने जे साधलं ते पुष्कळ महागड्या गाळण्यांना साधलं नाही.

पण जिथे आसपास हिरवा पंपच नाही, तिथे काय? तिथे आर्सेनिक काढावंच लागतं.

ते किती काढायचं, हे एका टँकरच्या हिशेबात सांगतो. १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. १९९३ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). म्हणजे अख्ख्या टँकरमध्ये ०.१ ग्रॅम, मिठाच्या चिमटीहूनही कमी. पश्चिम बंगालच्या दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातल्या ज्या पाण्याबद्दल मी पुढे सांगणार आहे, त्यात मर्यादेच्या पंचवीसपट आर्सेनिक होतं, म्हणजे टँकरमध्ये अडीच ग्रॅम. अर्धा चमचा मीठ दहा हजार लिटरमध्ये मिसळलंय आणि ते आता परत वेचायचं आहे, इतकं हे काम नाजूक.

उकळून भागत नाही का, असं बरेच जण विचारतात. नाही भागत. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जिथल्या तिथे राहतं आणि पाणी आटल्यामुळे उलट दाट होतं. घरचं आरओ यंत्र? ते आर्सेनिकच्या एका प्रकाराला बऱ्यापैकी अडवतं. पण जमिनीखालच्या हवाबंद पाण्यात जो प्रकार जास्त असतो, त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पडद्यातून सटकतो. शिवाय आरओ बरंच पाणी वाया घालवतं आणि त्या वाया गेलेल्या पाण्यात आर्सेनिक दाटून परत गटारात जातं. त्याला लागणारा सततचा वीजपुरवठा आणि बदलावे लागणारे भाग गावातल्या शाळेला परवडत नाहीत.

इथे अशोक गाडगीळ येतात. मुंबईत जन्मलेले, मुंबई विद्यापीठ आणि आयआयटी कानपूर करून बर्कलीला डॉक्टरेटसाठी गेलेले भौतिकशास्त्रज्ञ. पुढे तिथेच कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९९३ च्या सुमारास बंगालच्या उपसागराभोवती कॉलऱ्याचा नवा जंतू पसरला तेव्हा त्यांनी अतिनील प्रकाशाने पाणी निर्जंतुक करणारं यंत्र बनवलं. दिवा पाण्यात बुडवायचा नाही, वाहत्या पाण्याच्या वर टांगायचा, म्हणजे त्यावर शेवाळ किंवा क्षार चढत नाहीत आणि घासत बसावं लागत नाही. तपशील बारका आहे, पण यंत्र गावात टिकतं की धूळ खातं हे अशाच गोष्टींवर ठरतं. मात्र त्या दिव्याने जंतू मरतात, आर्सेनिकला त्याचं काही नाही. मग ते आर्सेनिककडे वळले.

बर्कलीच्या गटाची युक्ती अशी: जमिनीखाली गंज विरघळून आर्सेनिक सुटलं ना, तर मग वर आणलेल्या पाण्यात ताजा गंज तयार करा, म्हणजे ते पुन्हा त्याला चिकटेल.

पाण्याच्या टाकीत साध्या पोलादाचे पत्रे उभे करायचे आणि त्यांतून कमी दाबाचा वीजप्रवाह सोडायचा. पत्र्यातलं लोह हळूहळू पाण्यात उतरतं. पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे त्या लोहाचा लगेच गंज होऊ लागतो. तो होत असताना मधल्या क्षणी असे काही तीव्र रासायनिक तुकडे तयार होतात की, आरओच्या पडद्यातून सटकणाऱ्या त्या भाररहित आर्सेनिकवर विद्युतभार चढतो. भार चढलेलं आर्सेनिक मग गंजाला घट्ट चिकटतं. म्हणजे पकडायला अवघड असलेल्या चोराचे कपडे आधी बदलायचे आणि मग त्याला धरायचं, असं दुहेरी काम एकाच टाकीत होतं. बाजारात मिळणारी गंजाची तयार भुकटी टाकून हे इतकं चांगलं होत नाही. गंज तिथल्या तिथे, त्या क्षणी जन्मावा लागतो.

पुढची पायरी आपल्या आज्यांना पाठ होती. तो गंज इतका बारीक असतो की आपणहून खाली बसायला फार वेळ घेतो. त्यासाठी तुरटी घालतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचा, तसंच. कण एकमेकांना धरून जड होतात, साका खाली बसतो, वरचं निवळलेलं पाणी काढून घ्यायचं. पत्र्यांवर गंजाचं कवच चढून वीज अडू नये म्हणून प्रवाहाची दिशा अधूनमधून उलटवतात.

प्रयोगशाळेत हे जमलं त्याला दशकभराहून जास्त काळ लोटल्यावर, २०१६ मध्ये, दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातल्या धपधपी हायस्कूलच्या आवारात दिवसाला १०,००० लिटर पाणी देणारं केंद्र उभं राहिलं. मधल्या काळात ६०० लिटरच्या टाकीवर चाचण्या झाल्या. जादवपूर विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञ जयश्री रॉय आणि त्यांचा गट लोकांशी बोलत होता: पाण्याला किती पैसे द्याल, कोण चालवेल, कुणावर विश्वास ठेवाल. शाळेतल्या मुलांना पाणी मोफत आणि आसपासच्या लोकांना थोड्या पैशांत विकत, अशी व्यवस्था बसली. पाण्यातलं आर्सेनिक लिटरमागे २५० मायक्रोग्रॅमवरून ५ च्याही खाली आलं. मागे उरणारा विषारी साका काँक्रीटमध्ये मिसळून बंदिस्त करता येतो का, याच्याही चाचण्या झाल्या. नाहीतर पाण्यातून काढलेलं विष शाळेमागच्या तळ्यात गेलं असतं आणि सगळा खटाटोप फुकट.

दशकाहून जास्त वेळ का लागला, असं वाटेल. मला उलट वाटतं. बंगालमध्ये त्याआधी आर्सेनिक काढणारी यंत्रं कितीतरी बसली होती. जादवपूरच्याच संशोधकांनी नंतर जाऊन पाहिलं तर त्यांतली पुष्कळ बंद होती, काही चालू होती पण पाणी नीट शुद्ध करत नव्हती. यंत्रातली गाळणारी माती बदलायची कुणी, पाना कुणाकडे, पैसे कोण देणार, याची उत्तरं कुणी ठरवलेलीच नव्हती. कंपनीला पुढच्या वर्षीचा नफा दिसावा लागतो, सरकारी योजनेला मार्चअखेर खर्च दाखवावा लागतो. एकाच प्रश्नावर एका विद्यार्थ्याची पीएच.डी. संपली की दुसऱ्याची सुरू होते, त्या मुलाने चुकलेलं ही मुलगी सुधारते, असं वीस वर्षं चालू शकतं ते विद्यापीठातच. अशा प्रश्नांना तेवढाच वेळ लागतो, आणि तो द्यायला कुणीतरी असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्याच गाडगीळांनी हवेचंही काम केलं, ते थोडक्यात सांगतो. २००५ मध्ये ते सुदानमधल्या दारफूरच्या निर्वासित छावण्यांत गेले. सरपणासाठी बायका कोसच्या कोस चालत होत्या आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले होत होते. तीन दगडांच्या चुलीत लाकूड फार जळतं आणि धूर डोळ्यांत, छातीत जातो. भारतातल्या एका धातूच्या चुलीवरून सुरुवात करून त्यांच्या गटाने तिथल्या बायकांच्या सांगण्यावरून ती बदलत नेली. तिथला 'असिदा' हा घट्ट पदार्थ दोन्ही हातांनी जोर लावून घोटतात, म्हणून चूल कलंडता कामा नये. वाळवंटात वारा असतो, म्हणून तोंडाला आडोसा हवा. लाकूड जवळजवळ निम्म्यावर आलं. या चुलींचे पत्रे मुंबईत कापले जात, सपाट गठ्ठे बांधून जहाजाने जात आणि दारफूरमध्ये जोडले जात. धूर किती घातक, हे आकड्यांत मांडलं होतं बर्कलीच्याच कर्क स्मिथ यांनी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर मापक लावून त्यांनी मोजलं होतं की स्वयंपाक करताना त्यांच्या श्वासात काय जातं. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याची धुराडी, असंच सगळे धरून चालले होते.

पुन्हा पाण्याकडे येतो, कारण गंजाची गोष्ट धपधपीला थांबली नाही. त्या टाकीत एक अडचण होती. पाण्यात मुळात हवा थोडीच विरघळते, त्यामुळे गंज सावकाश होतो आणि वेळ जातो. गटाने मग एका बाजूचा पत्रा काढून तिथे कार्बनचा असा पडदा लावला, जो बाहेरच्या हवेतला प्राणवायू थेट आत घेतो आणि पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतो. जखम धुवायला वापरतात तेच. त्याच्यामुळे तासांचं काम काही सेकंदांवर आलं. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याच्या चाचण्या झाल्या त्या कॅलिफोर्नियातल्याच ॲलेन्सवर्थमध्ये. गुलामीत जन्मलेल्या कर्नल ॲलन ॲलेन्सवर्थ यांनी १९०८ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वसवलेलं हे गाव. तिथल्या विहिरींतही आर्सेनिक आहे आणि गाव लहान, गरीब असल्यामुळे मोठं शुद्धीकरण केंद्र परवडत नाही. बंगालच्या शाळेसाठी शोधलेलं उत्तर अमेरिकेतल्या गावाला उपयोगी पडू पाहतंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्राचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या कातळावर आहे. गंगेसारखा ताजा, कुजक्या पाल्याने भरलेला गाळ इथे खोलवर नाही, म्हणून आर्सेनिकची भीती आपल्याला तशी कमी. आजोळच्या बोअरचं ते तांबूस पाणी त्रासदायक होतं, विषारी नव्हतं. मामाने ते तपासून घेतलं होतं. आपला प्रश्न फ्लोराइडचा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात ते जास्त आहे. त्याने मुलांचे दात किडल्यासारखे तपकिरी होतात, मोठ्यांची हाडं आखडतात. गंज फ्लोराइडला नीट धरत नाही, ते काम ॲल्युमिनियमची खनिजं करतात. म्हणून गाडगीळांच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या देशांतलं बॉक्साइट दळून, भाजून, फ्लोराइडसाठी वापरून पाहिलं आहे. तेच बॉक्साइट कोल्हापूर-रत्नागिरीच्या डोंगरमाथ्यांवर पडलेलं आहे.

तुमच्याकडे बोअर असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी देता येतं. पंप आधी थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. आणि फक्त 'पिण्यायोग्य आहे का' एवढं विचारू नका, फ्लोराइड, नायट्रेट आणि लोहाचे आकडे लिहून मागा.